कागदावरची गोळी, शेतातली गोळी

वाशीमहून पुसदला जाणारा रस्ता अनसिंगवरून जातो. खरिपात या पट्ट्यात सोयाबीन आणि त्याच्या जोडीला तुरीचे तास, रब्बीत हरभरा. सोयाबीन काढणीला येते तेव्हा तूर फुलोऱ्याकडे निघालेली असते आणि पुढे दोन-तीन महिने ती एकटीच रानात उभी राहते. त्या काळात रोही, म्हणजे नीलगायी, येतात, शेंडे खातात, फुले ओरबाडतात, जाता-येता झाडे मोडतात. रानडुकरांचा कळप शिरला तर खाण्यापेक्षा उकरण्याने जास्त नासाडी होते. म्हणून जागल करावी लागते. माळ्यावर बसून डबे वाजवणे, फटाके फोडणे, बॅटरीचा झोत फिरवणे हे जुने उपाय. अलीकडे त्यात सौर कुंपणाच्या झटका मशीनची भर पडली आहे. एवढे करूनही सकाळी तास उलथलेले दिसले की बोलण्यात बंदूक येतेच.

बंदुकीची चौकशी सगळे करतात, काडतुसाची क्वचितच कोणी करते. खरे तर बंदूक गोळीला दिशा आणि फिरकी देते. पुढे काय होणार, गोळी कुठे थांबणार, लागलेले जनावर जागेवर पडणार की पोट फाटलेल्या अवस्थेत चार शेते पलीकडे जाऊन दोन दिवसांनी मरणार, यातले बरेचसे काडतुसात ठरते. नेमबाजीच्या सरावाला उत्तम ठरलेले काडतूस रानडुकरावर वापरणे क्रौर्य आहे. उलट, रानडुकरासाठी बनवलेले काडतूस रोजच्या सरावाला खर्चिक पडते, खांद्याला धक्का देते आणि नेमबाजाला चाप ओढताना दचकायची सवय लावते. ही दोन कामे वेगळी आहेत, आणि दोन्हींसाठी एकच डबी घेणाऱ्याचे एक काम नक्की बिघडते.

आधी कागदाकडे पाहू. जगभर सरावासाठी सर्वांत जास्त वापरले जाणारे काडतूस म्हणजे पॉइंट टू-टू, पूर्ण नाव .२२ लाँग रायफल. ते १८८७ साली अमेरिकेत आले आणि आजही जवळपास त्याच रूपात टिकून आहे. त्याची गोळी शिशाची, वजन साधारण ४० ग्रेन. ग्रेन हे काडतुसाच्या डबीवर हटकून दिसणारे माप आहे. सोनाराच्या एका गुंजेत जवळपास दोन ग्रेन बसतात, म्हणजे ही गोळी वीस-एकवीस गुंजांची, २.६ ग्रॅमची झाली. मोठ्या काडतुसात बुडाच्या मध्यावर ठिणगीची टोपी असते. पॉइंट टू-टूला ती नसते. त्याच्या पितळी पुंगळीच्या कडेत ठिणगीचा मसाला गोल पसरलेला असतो आणि बंदुकीची टाचणी त्या कडेवर आपटते. मसाला कडेभर सारखा पसरला नाही तर एक गोळी थोडी जोरात जाते, एक थोडी मंद. स्पर्धेच्या काडतुसाची किंमत साध्या काडतुसाच्या कितीतरी पट असते, ती मुख्यतः या सारखेपणासाठी.

सारखेपणाचा हिशेब कागदावर मांडता येतो. पॉइंट टू-टूची स्पर्धेची गोळी नळीतून सेकंदाला सुमारे ३३० मीटर वेगाने निघते. ५० मीटर कापायला तिला सेकंदाचा साधारण सहावा भाग लागतो आणि तेवढ्यात ती बाराएक सेंटिमीटर खाली येते. दर वेळी तेवढीच खाली आली तर काहीच बिघडत नाही, कारण दुर्बिणीची किंवा डोळपट्टीची जुळणी त्याच हिशेबाने केलेली असते. आता पुढची गोळी ३२० मीटर वेगाने निघाली असे धरा. बाकी सगळे तसेच राहिले तरी ती सात-आठ मिलिमीटर खाली लागेल. ५० मीटरच्या लक्ष्यावर दहा गुणांचे वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते आणि अंतिम फेरीत गुण दशांशात मोजतात. म्हणजे १०.९ चा नेम नेमबाजाची काहीही चूक नसताना १०.१ किंवा १०.० वर उतरतो.

१ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वप्निल कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळवले, ते ४५१.४ गुणांवर. कोल्हापूर जिल्ह्याच्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा हा मुलगा राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीतून पुढे आला आणि मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस म्हणून नोकरी करत खेळला. खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या पदकानंतर महाराष्ट्राला मिळालेले हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्याआधी २०१० साली म्युनिकच्या जागतिक स्पर्धेत कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंतने ५० मीटर प्रोन प्रकारात ६०० पैकी ५९७ गुण घेत विश्वविक्रमाशी बरोबरी केली आणि जगज्जेतेपद पटकावले. साठ गोळ्यांत तीन गुण गेले. एवढ्या बारीक फरकावर निकाल लागतात तिथे काडतुसाच्या हातात एक गुणसुद्धा सोडून चालत नाही.

म्हणून या पातळीवरचे नेमबाज नुसती कंपनी निवडत नाहीत, ते लॉट निवडतात. इंग्लंडची ईली, जर्मनीची आरडब्ल्यूएस, फिनलंडची लापुआ या कंपन्यांकडे तपासणीची दालने आहेत. तिथे नेमबाजाची स्वतःची रायफल शिकंज्यात घट्ट बसवतात आणि एकाच प्रतीच्या काडतुसांचे वेगवेगळे लॉट तिच्यातून उडवून पाहतात. एक लॉट छिद्रावर छिद्र पाडतो. त्याच नावाचा, त्याच किमतीचा दुसरा लॉट फिसकटतो. शेजारच्या नेमबाजाच्या रायफलीत मात्र नेमके उलटे घडू शकते. प्रत्येक नळीच्या आतले आटे, तिचा कोठा, तिची कंपने वेगळी असल्याने कोणतीही गोळी सर्वांसाठी सर्वोत्तम ठरत नाही. पसंतीचा लॉट सापडला की हे खेळाडू त्याची हजारो काडतुसे एकदम उचलतात, कारण तो संपला की तसाच पुन्हा मिळेल याचा भरवसा नसतो.

सामान्य परवानाधारकाला हे परवडणारे नाही आणि त्याची गरजही नाही. पण यातली मूळ पद्धत त्याने जरूर उचलावी. तीन-चार प्रकारची थोडी थोडी काडतुसे घ्यावीत, बंदूक वाळूच्या पोत्यावर टेकवावी, प्रत्येक प्रकाराच्या पाच-पाच गोळ्या वेगळ्या कागदावर मारून छिद्रांमधले अंतर मोजावे. ज्या डबीची छिद्रे सर्वांत जवळ पडतील ती आपल्या बंदुकीची. छिद्रे नेमापासून लांब पडली तरी काळजी नाही, ती जुळणीने मध्यावर आणता येतात. पसरलेली छिद्रे मात्र कुठल्याही जुळणीने जवळ येत नाहीत.

डबीवर ‘हाय व्हेलॉसिटी’ लिहिलेले दिसले की माल जास्त चांगला असा समज होतो. सरावाच्या बाबतीत तो चुकीचा आहे. अशी गोळी सेकंदाला ३८० मीटरच्या आसपास वेगाने, म्हणजे आवाजापेक्षा जोरात निघते. हवेच्या विरोधामुळे ती मंदावत जाते आणि शंभर मीटरच्या आतच आवाजाच्या वेगाखाली येते. त्या उंबरठ्यावर हवेचे धक्के तिला डळमळीत करतात. स्पर्धेची गोळी पहिल्यापासून आवाजापेक्षा मंद ठेवतात ती म्हणूनच. आवाजाचा वेग हवेच्या तापमानाबरोबर वाढतो. २० अंशांना तो ३४३ मीटर असतो आणि विदर्भातल्या ४० अंशांच्या दुपारी ३५५ च्या जवळ जातो. उन्हाळ्याचा हा एक फायदा. तोटा असा की पॉइंट टू-टूच्या शिशावर मेणाचा किंवा चरबीचा पातळ लेप असतो आणि उन्हात उभ्या गाडीत डबी राहिली की तो वितळून उतरतो. मग नळीत शिसे साचते आणि चांगला लॉटही फिसकटू लागतो.

ज्याला नुसता सराव हवा आहे त्याने पॉइंट टू-टूच्याही आधी एअर रायफल हाती घ्यावी. १० मीटरवर ४.५ मिलिमीटरचा छर्रा, त्याचे वजन अर्ध्या ग्रॅमच्या आसपास, वेग सेकंदाला १७५ मीटर. गणित केले तर ऊर्जा आठएक ज्यूल येते. भारतात या मापाच्या, २० ज्यूलच्या आतल्या एअर रायफलीला शस्त्रपरवाना लागत नाही, त्यामुळे शाळकरी मुलगीसुद्धा जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली सुरुवात करू शकते. इथेही छर्रा निवडावा लागतो. स्पर्धेचा छर्रा सपाट डोक्याचा असतो, तो कागदाला स्वच्छ गोल भोक पाडतो आणि गुणांवरून वाद होत नाही. डब्यावर डोक्याचा व्यास ४.४९, ४.५० असा छापलेला असतो आणि मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा हा फरक दहाच्या ठिपक्यावर दिसतो, कारण तो ठिपकाच अर्ध्या मिलिमीटरचा असतो. पण याच बंदुकीने पोपट, तितर किंवा होला टिपणे हा कायद्याने गुन्हा आहे. परवाना बंदुकीला नको असला तरी पाखरांना कायद्याचे संरक्षण आहे.

आता शेताकडे. नुकसान करणारे जनावर मारण्याच्या गोळीचे एक स्वतंत्र शास्त्र अमेरिकेत वाढले, पण तिथले जनावर कोणते हे आधी पाहिले पाहिजे. कुरणात बिळे करणारा प्रेअरी डॉग एखाद्या किलोचा, ग्राउंडहॉग चार-पाच किलोचा. त्यांना दोन-दोनशे मीटरवरून टिपायचे, तर गोळी हलकी, फार वेगवान आणि सरळ जाणारी हवी. १९३५ साली आलेल्या .२२० स्विफ्टची ४८ ग्रेनची गोळी सेकंदाला १२०० मीटरच्या पुढे धावत होती. २००२ च्या .१७ एचएमआरची गोळी तर अवघी १७ ग्रेनची. या गोळ्यांचे वरचे तांब्याचे कवच मुद्दाम पातळ ठेवतात, म्हणजे लागताक्षणी त्या फुटून त्यांचे तुकडे होतात. लहान जनावर तत्काळ मरते आणि गोळी जमिनीवर आपटली तरी उसळून पुढच्या शेतात जाण्याची शक्यता कमी होते.

ही गोळी अनसिंगच्या रानात आणून रानडुकरावर झाडली तर काय होईल? पूर्ण वाढलेल्या नराच्या खांद्यावर जाड कातडी आणि त्याखाली चिवट ऊतीची ढाल असते. वजन शंभर किलोपर्यंत जाते. पातळ कवचाची गोळी त्या ढालीवरच फुटेल, वरवरची मोठी जखम होईल आणि फुप्फुस, हृदय शाबूत राहील. जखमी डुक्कर एकतर पळून कुठेतरी कुजून मरते किंवा माघारी वळून माणसावर येते. रोह्याचा नर दोनशे किलोंच्याही वर जातो, भारतातले ते सर्वांत मोठे कुरंग आहे. त्याच्यावर पॉइंट टू-टू चालवणे तर केवळ यातना देणे आहे.

आपल्याकडे यासाठीचे देशी काडतूस म्हणजे .३१५. इंग्रजी राजवटीत .३०३ हे फौजेचे काडतूस होते, ते नागरिकांच्या हाती पडू नये म्हणून शिकारीसाठी वेगळ्या मापाचे काडतूस पुढे आले आणि स्वातंत्र्यानंतरही तेच चालू राहिले. याची गोळी २४४ ग्रेनची, म्हणजे १५.८ ग्रॅमची. वेग सेकंदाला ६०० मीटरच्या वर. पॉइंट टू-टूच्या गोळीत नळीच्या तोंडाशी साधारण १४० ज्यूल ऊर्जा असते, .३१५ मध्ये तिच्या वीसपट. पुण्याच्या खडकीतला दारूगोळा कारखाना १८६९ पासून चालू आहे आणि देशातल्या कितीतरी परवानाधारकांच्या काडतुसांच्या बुडावर ‘केएफ’ हा खडकीचा ठसा असतो. जळगाव जिल्ह्यातला वरणगावचा कारखाना आणि खडकीचा हा कारखाना २०२१ पासून म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीत आहेत, तिचे मुख्यालयही पुण्यातच.

.३१५ च्या गोळीचे टोक मऊ असते, तिथे शिसे उघडे ठेवलेले असते. जनावराला लागल्यावर ते टोक पसरते, गोळी आत शिरत जाते आणि तिची बहुतेक ऊर्जा शरीरातच खर्ची पडते. या कल्पनेचा इतिहास भारताशी जोडलेला आहे. कलकत्त्याजवळच्या डमडम कारखान्यात १८९० च्या दशकात कॅप्टन बर्टी-क्ले याने अशी पसरणारी गोळी बनवली आणि १८९९ च्या हेगच्या परिषदेने ती युद्धात निषिद्ध ठरवली. माणसाविरुद्ध जी अमानुष मानली गेली तीच जनावराविरुद्ध दयेची ठरते, याचे कारण उद्देशात आहे. पूर्ण कवचाची फौजी गोळी शरीरातून आरपार निघून जाते, जनावर हळूहळू मरते आणि पलीकडे जे कोणी असेल त्यालाही धोका राहतो. मऊ टोकाची गोळी लवकर मारते आणि बरेचदा आतच थांबते.

खेड्यात रायफलीपेक्षा बारा बोअर जास्त दिसते. शस्त्र कायद्यातही शेतरक्षणाच्या खऱ्या गरजेसाठी ठासणीच्या बंदुकीचा आणि संरक्षणासाठी वीस इंचांपेक्षा कमी नसलेल्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे. बारा बोअरमध्ये एलजी, एसजी ही मोठ्या छर्ऱ्यांची काडतुसे. त्यांतला एकेक छर्रा आठ-नऊ मिलिमीटरचा असतो. वीस-पंचवीस मीटरच्या आत ती परिणामकारक असतात, त्यापुढे छर्रे पांगतात आणि एखाद-दुसराच लागून जनावर नुसते जखमी होते. बारीक छर्ऱ्याची, पाखरांसाठीची काडतुसे डुकरावर कधीच वापरू नयेत. आणखी एक धोका जुन्या घरांत असतो. वीस बोअरचे काडतूस चुकून बारा बोअरच्या नळीत गेले तर ते पुढे सरकून अडकते. बंदूक रिकामी वाटते, वरून बारा बोअरचे काडतूस भरले जाते आणि चाप ओढताच नळी फाटते. म्हणून दोन मापांची काडतुसे एका खिशात, एका डब्यात कधीच ठेवू नयेत.

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न जनावराच्या पलीकडचा आहे. अनसिंगभोवतीची काळी राने रात्री रिकामी नसतात. शेजारच्या शेतातही कोणी जागलीला आलेले असते, कोणी पाण्याची बारी सांभाळत असते. पॉइंट टू-टूची इवलीशी गोळीसुद्धा दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते, .३१५ ची त्याहून पुढे. समजा उभ्या माणसाने १.४ मीटर उंचीवरून १०० मीटरवरच्या डुकरावर, जमिनीपासून ४० सेंटिमीटरवर नेम धरला. गोळी चुकली किंवा आरपार गेली तर ती पुढे आणखी चाळीसएक मीटरवर जमिनीला लागते, तीही इतक्या तिरप्या कोनात की भेगाळलेल्या कडक मातीवरून किंवा दगडावरून सहज उसळेल. हेच चार मीटर उंच माळ्यावरून, ४० मीटरवरच्या जनावरावर केले तर गोळी जनावराच्या मागे चार-पाच मीटरवरच मातीत घुसते. जागलीचा माळा मुळात दूरवर दिसावे म्हणून बांधतात, पण बंदूकधाऱ्याच्या दृष्टीने त्याचा मोठा उपयोग हा आहे. माळा नसेल तर मागे बांध किंवा नाल्याची दरड असल्याशिवाय चाप ओढू नये, हातात कितीही चांगले काडतूस असो.

आणि काडतुसाच्याही आधी कागद येतो, या वेळी परवानगीचा. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. २०२२ च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर आणि रोही दोन्ही दुसऱ्या अनुसूचीत आहेत, म्हणजे शस्त्रपरवाना असला तरी ती मारण्याचा हक्क मिळत नाही. कलम ११ प्रमाणे, उभ्या पिकाला धोकादायक ठरलेल्या जनावराला मारण्याची परवानगी मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी देऊ शकतो. महाराष्ट्राने २०१५ मध्ये पिकांचे नुकसान करणाऱ्या या दोन प्राण्यांसाठी परवानगीची वाट मोकळी केली. कलम ६२ चा मार्ग वेगळा, त्यात केंद्र सरकार ठरावीक भागासाठी, ठरावीक काळापुरते एखादे जनावर उपद्रवी जाहीर करते. त्याच मार्गाने २०१६ मध्ये बिहारमधील मोकामा भागात बाहेरून नेमबाज बोलावून शेकडोंच्या संख्येने नीलगायी मारल्या गेल्या आणि देशभर वाद झाला. परवानगीने मारलेले जनावरही शेतकऱ्याचे होत नाही. ते सरकारी मालमत्ता असते आणि त्याची विल्हेवाट वन विभागाच्या देखरेखीखालीच लागते.

या सगळ्या कटकटीला कंटाळून कुंपणाच्या तारेत वीज सोडणारे आहेत, खाद्यात स्फोटक दडवणारे आहेत. तारेला डुक्कर, वाघ आणि पहाटे शेतात आलेला शेजारी यांतला फरक कळत नाही. विदर्भात अशा तारांनी माणसे आणि वाघ दोन्हींचे बळी घेतले आहेत. परवानगी घेऊन, जाणत्या नेमबाजाने, योग्य काडतुसाने, मागे माती पाहून झाडलेली एक गोळी या दोन्हींपेक्षा कितीतरी माणुसकीची आहे.

परवानगी हातात आल्यावर त्या नेमबाजाने थेट शेतात जाऊ नये. शेतात जी डबी वापरायची तिच्यातल्याच काडतुसांनी आधी, कायदेशीर रेंजवर, ५० मीटरवर कागद तपासावा. सरावाला स्वस्त डबी आणि जनावराला महाग डबी असे केले तर दोन्हींची छिद्रे वेगळ्या जागी पडतात आणि कागदावर जुळवलेला नेम शेतात चुकतो. तीन-तीन गोळ्यांचे दोन-तीन गट हाताच्या पंजाएवढ्या वर्तुळात बसले तर शेतासाठी तेच अंतर ठरवावे, नाही बसले तर ते अंतर निम्मे करावे. काडतूस उडाले नाही तर कोठा लगेच उघडू नये, नळी लक्ष्याकडे ठेवून अर्धा मिनिट थांबावे, कारण उशिरा पेटणारी दारूही असते. त्यानंतर उरलेली काडतुसे मूळ डबीत, लॉटचा आकडा दिसेल अशी, ओल आणि ऊन लागणार नाही अशा कुलूपबंद जागी बंदुकीपासून वेगळी ठेवावीत.